मला धरून चौघी

त्या वर्षी सतरंजी माझ्या घरी आली तेव्हा मी ती खाटेखाली ढकलली आणि पुढं गव्हाचं पोतं आडवं लावलं.

सतरंजी काही चोरीची नव्हती. लाल-निळ्या पट्ट्यांची, एका कोपऱ्याला इस्त्रीनं भाजलेली, आमच्या मंडळीची. आम्ही ख्रिस्ती माणसं एका चर्चमध्ये जमणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी म्हणतो. मंडळीतल्या बायकांची प्रार्थना दर बुधवारी कुणाच्या तरी घरी असते. वर्षाच्या आरंभी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव जसं निघेल तशी तिची पाळी. पाळीच्या आधीच्या बुधवारी सतरंजी तिच्या हवाली करायची. आठ दिवस ती घरात नुसती पडून असते, पण घर तिच्याभोवती बदलतं. बाई कोपरे झाडायला लागते, कपबशा पुऱ्या पडतील का बघते. ज्या घरी सतरंजी, त्या घरी देव आठ दिवस आधीच मुक्कामाला येतो, असं आमच्यात गमतीनं म्हणतात.

माझ्याकडं तो आला, तर मी त्याला पोत्यामागं बसवलं.

भीती एकच होती, खोली जाण्याची. सकाळी डोळा उघडला की पहिली तीच यायची, चहाच्याही आधी. आम्ही मूळचे जालन्याकडचे. सातवीत माझी शाळा सुटली, म्हणजे मीच सुटले, शाळा अजून तिथंच आहे. मालक, म्हणजे माझा नवरा, ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. एक मुलगी, ती तिकडंच दिलेली. या मुलखात माझं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती दहा बाय बाराची खोली आणि तिच्या मागची मोरी.

आणि तसली एक खोली माझ्या हातून आधी गेलेली होती, साताऱ्यात.

साताऱ्यात आम्ही एमआयडीसीजवळ राहायचो. तिथं आमची मंडळी लहान, सहाजणी बायका. एका दुपारी माझ्या खोलीत आम्ही गाणी म्हणत होतो तेव्हा दाराशी पाच-सात पोरं आली. कुणी हात उगारला नाही, हे आधी सांगते. मोबाईल वर धरून त्यांनी एकेकीला नाव विचारलं, गाव विचारलं. "इथं यायचं काय मिळतं?" असं विचारलं. माझ्या घरात त्या दिवशी साखर संपली होती, गुळाचा चहा होता. मी तेच सांगितलं, "गुळाचा चहा मिळतो." एक पोरगा हसला, बाकीचे नाही हसले. संध्याकाळी घरमालक आले. चांगला माणूस. माझ्याकडं न बघता, चौकटीकडं बघत म्हणाले, "ताई, तुम्ही माणसं चांगली आहात. पण रविवारपर्यंत बघा काहीतरी."

ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. माणसं चांगली आहात, पण.

माझ्या मालकांच्या ओळखीनं सांगलीजवळ कुपवाडला खोली मिळाली आणि मला बेदाण्याच्या शेडमध्ये काम. द्राक्षं वाळून शेडात आली की आम्ही बायका टेबलाला बसून ताटांतून काड्या, काळे मणी, खडे वेचतो. दिवसभर बोटं चिकट आणि तोंड मोकळं, म्हणजे बोलायला. पहिल्याच दिवशी मी कपाळाला टिकली लावून गेले. आमच्याकडं माहेरी-सासरी कुणी लावत नाही. मी लावली. आडनाव आमचं चारचौघांसारखं, बोली थोडी वेगळी, ती मराठवाड्याची म्हणून खपते. सोमवार ते शनिवार टिकली, रविवारी चर्चच्या वाटेवर ती काढून मोबाईलच्या मागं चिकटवायची. दोन वर्षं असं चाललं. कुणी फसवलं म्हणालं नसतं, पण मला रोज फसवल्यासारखं वाटायचं, आणि नेमकं कुणाला ते कळायचं नाही.

माझे कुपवाडचे घरमालक फौजेतून निवृत्त झालेले. वाळव्याकडं त्यांचा ऊस, इथं हे दुमजली घर, वर ते आणि त्यांची मालकीण, खाली आम्ही भाडेकरू. सगळी गल्ली त्यांना मेजर म्हणते. आवाज असा की नळाला भांडणाऱ्या बायका तो ऐकून आपोआप रांगेत उभ्या राहतात. माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत, तरी मला त्यांची सगळ्यात जास्त धास्ती. खोली त्यांचीच ना.

माझी पाळी आली तो आठवडा नको तसा आला. निवडणुका तोंडावर होत्या, दिवसातून चारदा भोंग्याची रिक्षा फिरायची. जिल्ह्यातच एका गावात कुणीतरी मोबाईलवर काहीतरी स्टेटस ठेवलं, त्यावरून दगड पडले, दुकानं फुटली. शेडमध्ये शेजारी बसून एका डब्यातली भाजी खाणाऱ्या बायका तोंड फिरवून जेवायला लागल्या. आणि कुठल्याशा सभेत कुणीतरी म्हणालं, की आता घराघरांत चालणाऱ्या प्रार्थनासुद्धा हुडकून काढू. तो व्हिडिओ शेडमधल्याच एकीनं मला दाखवला, सहज, जसा साडीचा फोटो दाखवतात तसा. मी "हो का" म्हटलं आणि एक चांगला मणी खड्यांच्या ढिगात टाकला.

सोमवारी मी घाईत शेडला गेले. टेबलाशी बसले तर समोरच्या बाईच्या हातातून ताट सुटलं. ही बाई जत भागातली, धनगराची, घरी अजून शंभरभर मेंढरं, बोलणं एकदम उघडं.

"आगं बया बया बया!" तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "कपाळ मोकळं? कवा गं? कवा झालं?"

मला काहीच कळेना. तोवर दोघी-तिघी उठून माझ्याभोवती आल्या. एकीनं माझं डोकं छातीशी धरलं. दुसरी रडायलाच लागली, "अजून चाळिशी बी न्हाई गं, आन गाडीवर गेल्याला मानूस..." तेव्हा माझ्या लक्षात आलं. रविवारी काढलेली टिकली मोबाईलच्या मागंच राहिली होती, आणि या बायकांनी माझ्या मालकांना जिवंतपणी पोहोचवलं होतं.

"अहो, नाही, नाही! ते बरे आहेत. गुजरातेत आहेत. सकाळीच फोन आला, दाढ दुखतेय म्हणाले."

रडणारीनं डोळे पुसले. जत भागातली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग? दाढ दुखाय लागली म्हून कुनी कुकू पुसतंय व्हय?"

विसरले म्हणता आलं असतं. टिकली पडली म्हणता आलं असतं. पण जिचा नवरा नाही मेला अशा बाईसाठी त्या रडत होत्या, आणि माझ्या खांद्यावर एकीचे डोळे पुसल्याचा ओला डाग होता. मला खोटं सुचेना.

"आम्ही लावत नाही," मी म्हटलं. "आम्ही ख्रिस्ती आहोत. इथं मी भीतीनं लावत होते."

एकीनं, नाव नाही घेत, आपलं ताट माझ्या ताटापासून वीतभर लांब सरकवलं. ती आजही तेवढ्याच अंतरावर बसते. जत भागातली मात्र खाली बसली, सांडलेले मणी गोळा करायला लागली आणि खालूनच म्हणाली, "संकष्टीला तुला उपासाची खिचडी दिली, ती मुकाट्यानं खाल्लीस. लय गुणाची हायस."

"चांगली होती खिचडी."

"चांगलीच असनार. पर आता फुकट न्हाई मिळायची. तुमच्या सणाचं काय ते आनायचं."

एवढ्यावर ती थांबली, पण मला धास्ती दुसरीच होती. टेबलाच्या टोकाला बसणारी एक बाई आमच्याच गल्लीतली होती.

शेड सुटल्यावर मी घरी न जाता वडापच्या, म्हणजे माणसं भरून जाणाऱ्या, रिक्षानं मिरजेला गेले, माईंकडं. माई आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वडील बाई. जन्मभर नर्स होत्या, आता सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. दाराशी बसून लसूण सोलत होत्या.

"माई, माझी पाळी पुढं ढकला."

"का गं, आजारी आहेस?"

"नाही. घाबरले आहे."

माई हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवलं. मी सगळं सांगितलं, साताऱ्याचं त्यांना ठाऊकच होतं, टिकलीचं नव्हतं. ते ऐकून त्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं. मला वाटलं आता रागावतील. पण म्हणाल्या, "बस. चहा टाकते." चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "पाळी तुझी, घर तुझं. नको वाटत असेल तर नको. माझी ना नाही. पण निरोप तूच सांगायचा सगळ्यांना. चाळीस वर्षं मी लोकांना वाईट निरोप सांगितले. व्हरांड्यात नातेवाईक उभे असायचे आणि मला बाहेर जाऊन सांगावं लागायचं. आता 'प्रार्थना नाही' हा निरोप मी नाही सांगायची. तू सांग."

एकवीस बायकांना फोन. सगळ्यांचे नंबर होते. मी मंगळवारी सांगते म्हणून उठले.

मंगळवारी सकाळी नेट बंद झालं. दहाच्या सुमाराला पोलिसांची गाडी भोंग्यावरून पुकारत गल्लीतून सावकाश गेली. पाच किंवा पाचपेक्षा जास्त लोकांनी एकत्र जमू नये, जमावबंदी लागू आहे. मी खिडकीत उभी राहून ऐकलं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझी पाळी सरकारनंच रद्द केली. आता मी भित्री नाही ठरत, आता नियमच तसा आहे.

नेट नव्हतं, पण फोन लागत होते. पहिला लावला माधवनगरच्या बाईंना. त्यांचे यजमान सूतगिरणीत होते, आता नाहीत, त्या एकट्या असतात. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं फोन केलास. तुझ्या गल्लीच्या तोंडाला ते पिठाच्या गिरणीचं दुकान आहे ना? तिथूनच आत यायचं. मला दहाची वेळ दिली आहे."

"कसली वेळ?"

"उद्याची गं! एकदम सगळ्या नाही येता यायच्या ना. तिघी-तिघी यायचं. तुला धरून चौघी. चौघींचा जमाव होत नाही."

"कुणी ठरवलं हे?"

"कुणी म्हणजे? सकाळपासून फोन चाललेत. तुला नाही आला? तू घरचीच ना, तुला वेगळं काय सांगायचं."

मी दुसरा फोन लावला. ती बारा वाजता येणार होती. तिसरीला दुपारची वेळ नको होती, तिनं बदलून घेतली होती. चौथी तरुण, लेकुरवाळी. ती काळजीत होती, "ताई, एक विचारायचं होतं. माझं मांडीवरचं धरायचं का मोजणीत? आठ महिन्यांचंच आहे."

"मी... मला वाटतं नाही धरत."

"आमचे हे म्हणतात, त्यालाच विचार जमाव करणार का. आणि हो, येताना दूध आणू का? दुकानं बंद असतील."

पाचवा फोन मी लावलाच नाही. हातात मोबाईल घेऊन बसले. माझी भीती होती तिथंच होती, पण तिच्यापुढं दुसरंच काहीतरी येऊन उभं राहिलं होतं. मी ज्यांना येऊ नका म्हणणार होते त्यांनी येण्याची वेळ वाटून घेतली होती. कुणीच पुढारी नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. पुढं मी माईंना विचारलं, तुम्ही केलंत ना हे? तर म्हणाल्या, "मला तर माझी वेळ त्या लेकुरवाळीनं सांगितली."

संध्याकाळी पोतं सरकवलं आणि सतरंजी काढून झटकली.

बुधवारी शेडला खाडा केला. नऊला पहिल्या तिघी आल्या. दार लावलं तर लपवल्यासारखं, उघडं ठेवलं तर सगळ्या गल्लीला दिसणार. मी अर्धं लोटलं. आमची एरवीची प्रार्थना मोठ्यानं गाऊन सुरू होते, ढोलकी असते, टाळ्या असतात. त्या दिवशी तिघींनी गाणं हळू आवाजात धरलं, दळताना बाई आपल्याशीच म्हणते तेवढ्या आवाजात. गाणं बरंच लांब, पुष्कळ कडव्यांचं. ठरलेली वेळ झाली तेव्हा तिसरं कडवं नुकतंच संपलं होतं. त्या तिथंच थांबल्या, उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या.

मी खिडकीतून बघत होते. गल्लीच्या मध्यावर या तिघी जाताना, पुढच्या तिघी येताना. थांबल्या असत्या तर सहा झाल्या असत्या. म्हणून थांबल्या नाहीत. एकमेकींकडं बघितलंसुद्धा नाही. फक्त बाजूनं जाताना एकीनं हात जरा बाहेर काढला आणि दुसरीच्या बोटांना बोटं लावली. मग दुसरीनं तिसरीच्या. इतकंच. लग्नात, मयतात, मोठ्या सभांत मी माणसं भेटताना पुष्कळ बघितली आहेत. तसं भेटणं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

आत येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर आलंय?"

"चौथं कडवं."

आणि त्यांनी चौथ्यापासून उचललं. असंच दिवसभर. प्रत्येक तिघींना गाण्याचा एकेक तुकडा मिळाला, अख्खं गाणं फक्त मला मिळालं, कारण मी घरची.

तिसऱ्या फेरीत पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी बाई चष्मा विसरली. उरलेल्या दोघींना वाचता येत नव्हतं. "तू वाच," त्या म्हणाल्या. मी मंडळीत कधी वाचलेलं नाही, शेवटच्या ओळीत बसणारी मी. बोट ठेवून वाचायला लागले. एका जोडाक्षराशी अडले, पुन्हा मागं जाऊन ओळ धरली. कुणी घाई केली नाही. एक तर डोळे मिटून अशी बसली होती की जणू मी अडते तेही शास्त्रातच लिहिलेलं आहे.

मला वाटलं होतं त्या आमच्यासाठी मागतील. आम्हाला सांभाळ, आमच्यावर आलेलं टाळ. तेही मागितलं. पण माधवनगरच्या बाई दगड मारणाऱ्या पोरांसाठी बसल्या आणि उठेचनात. "प्रभू, ती पोरं पळालेली आहेत. त्यांच्या आया काल जेवल्या नसतील, त्यांना घास गोड लागू दे." एकजण भाजी विकते, तिच्या शेजारी बांगड्यांचा गाडा लावणारी मुसलमानाची बाई होती, तो गाडा उलटला होता, तिच्यासाठी ती हुंदके देऊन रडली. आणि एक म्हणाली, "चौकात तो पोलीस सकाळपासून उन्हात उभा आहे, त्याला कुणाच्या तरी हातून पाणी दे." मग जरा थांबून, "नाहीतर जाताना मलाच आठवण कर." जाताना तिनं माझ्याकडून बाटली भरून नेली.

शेवटी प्रत्येक तिघी माझ्यासाठी मागत होत्या. "हिच्या डोक्यावरचं छप्पर हिच्या डोक्यावर राहू दे." मी माईंशिवाय कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण त्या सगळ्यांनाच कुठं ना कुठं खोली शोधावी लागली होती, सांगायची गरज काय.

पाचवी फेरी चालू असताना दारावर टकटक झाली. टकटकीवरूनच कळलं.

"वहिनी, जरा भाईर या."

मी बाहेर आले. मेजर बनियनवर, हात मागं बांधलेले.

"सकाळधरनं बगतोय. तीन बायका येत्यात, तीन जात्यात. घरात पार्लर काडलंसा काय?"

भिशी म्हणायची असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते दुसरंच. "प्रार्थना आहे मेजर. आम्ही ख्रिस्ती आहोत."

"कवापासनं?"

"तीन पिढ्या झाल्या."

"तसं न्हवं. माझ्या घरात कवापासनं?"

"दोन वर्षं."

"आन ह्ये मला आज सांगताय."

मी पदर डोक्यावर ओढला. ते म्हणाले, "मला सोमवारीच कळलंय. तुमच्या शेडातली बाई दळान घिऊन गिरनीत आलती, आमची मालकीन तितंच. दोन दीस झालं वाट बगतोय, आता सांगतील, मग सांगतील."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"मी इचारायचं व्हय? दडवलंसा तुमी आन इचारायचं मी?"

त्यांचा आवाज चढला तशा आतल्या तिघी गाता गाता थांबल्या. साताऱ्याची चौकट समोर आली. एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून मीच म्हटलं, "खोली रविवारपर्यंत सोडू का?"

मेजरनी आत वाकून बघितलं. "किती हायत?"

"मला धरून चार."

मग ते गल्लीकडं वळले. पुढच्या तिघी लवकर आल्या होत्या. एक गिरणीच्या पायरीवर, एक नळापाशी, एक भर उन्हात विजेच्या खांबाला टेकून, तिघी एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या.

"त्या खांबाजवळच्या बाईला सांगा, जिन्याखाली सावलीत थांब म्हनावं. पर येकटीनंच." एवढं म्हणून ते जिना चढले. मधल्या पायरीवरून म्हणाले, "तुमचं आटपलं की बोलू."

पुढच्या दोन फेऱ्या मी कशा काढल्या सांगता येत नाही. चहा उतू गेला. कडवं सांगताना चुकले. तरी गाणं पुढं जात होतं, आणि मी त्या दोन तासांत पहिल्यांदा मोठ्यानं प्रार्थना केली. खोलीसाठी करावी असं ठरवून तोंड उघडलं आणि मेजरसाठी झाली. का, ते मला आजही माहीत नाही.

शेवटच्या तिघींत माई होत्या. रिक्षातून उतरून काठी टेकत आल्या. गाणं त्यांनी संपवलं. चार वाजले तसा जिन्यावर पायरव आला. मेजरनी आता सदरा घातला होता. माईंना बघून त्यांनी नमस्कार केला आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

माईच आधी बोलल्या. "मेजर, तुमची अडचण आम्हाला कळते. घर तुमचं आहे. हिला सोडायला सांगितलंत तरी आमच्या मनात राग नाही."

"राग न्हाई कसा? असाया पायजे." मेजर जरा चिडलेच. "आवं, मी बी भितोय. उद्या दगड आला तर माझ्या खिडकीवर येनार. आमचीच भावकी मला इचारनार, काय मेजर, कुनाला ठेवलंय. त्ये मी खोटं कशाला बोलू." त्यांनी बोटानं दाराच्या चौकटीचा निघालेला रंग खरवडला. "आमच्या युनिटात येकाच छपराखाली समद्यांचं देव व्हतं. ज्याचा सन असंल त्याच्या सनाला समद्यांनी हुबं ऱ्हायचं, ऑर्डरच तशी. पयल्या नाताळाला मी मेनबत्ती धरून हुबा ऱ्हायलो त्ये ऑर्डर म्हून. मागनं पोस्टावर आमी सातजनच व्हतो. त्यातला तुमचा येकच. त्यानं मेनबत्ती लावली तवा ऑर्डर द्यायला कोनच नव्हतं. तरी हुबा ऱ्हायलो."

बोटाला लागलेला रंग त्यांनी सदऱ्याला पुसला.

"आन आज बगितलं," ते माझ्याकडं वळले. "सात टोळ्या. मी वरनं मोजल्या. येका बी टायमाला पाचवी न्हाई. वाटंत गाठ पडली तरी थांबल्या न्हाईत. पोरास्नी शिकवून जमत न्हाई ह्ये आमाला." मग आवाज खाली आणून, "खोली ऱ्हाऊ द्या. पर पुढच्या येळंला मला आदी सांगायचं. मी गेटात खुर्ची टाकून बसतो. कोन आलं तर मी बोलतो."

पुढच्या वेळेला. माझ्या कानात तेवढेच शब्द राहिले. रविवारपर्यंत नव्हे, पुढच्या वेळेला.

माई काठीवर दोन्ही हात ठेवून गंभीरपणे म्हणाल्या, "तुम्ही बसलात तर पाच होतील, मेजर."

मेजरनी खरोखर विचार केला. गेटाकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मधली जागा नजरेनं मापली.

"मी भाईर," ते म्हणाले. "भाईरचा धरत न्हाईत."

ते वर गेल्यावर आम्ही चौघी तोंडाला पदर लावून हसलो, आणि हसता हसता माझं रडू सुरू झालं ते लवकर थांबेना. माईंनी थांबवलंही नाही. त्या खोलीभर बघत होत्या, भिंतीकडं, पंख्याकडं, मोरीच्या दाराकडं, जसं नव्या घरात आलेलं माणूस बघतं. मग म्हणाल्या, "छान उजेड येतो गं तुझ्याकडं."

मी दोन वर्षं त्या खोलीत राहत होते. खिडकीला सदा पडदा. त्या दिवशी गल्ली बघायला म्हणून सकाळी तो बाजूला केला होता, आणि चारच्या उन्हात सगळी फरशी उजळली होती.